मदत हवी आहे: ऑटिझमवर विद्यापीठाचा मोफत ऑनलाइन कोर्स कोणता घ्यावा?

शाल्मली_र
ऑटिझम नीट समजून घ्यायचा आहे. एखाद्या चांगल्या विद्यापीठाचा, मोफत, घरबसल्या करता येईल असा कोर्स सुचवा. शोधून दमले. 'फ्री' लिहिलेलं असतं आणि दोन पानं पुढे गेलं की कार्डाचा नंबर मागतात. यूट्यूबवरचे सुटे व्हिडिओ नकोत, तिथे प्रत्येक जण वेगळंच सांगतो. प्रमाणपत्र मिळत असेल तर उत्तम. ज्यांनी स्वतः केलाय त्यांनी सांगा, आणि जरा लवकर सांगा, मला लगेच सुरू करायचंय.

निरंजन_के
कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेचा 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' नावाचा कोर्स आहे. मी केलाय, सुरुवातीला पुरेसा आहे. कार्ड मागतात तिथे घाबरू नका. नावनोंदणीची खिडकी उघडली की तिच्या तळाशी बारीक अक्षरात 'ऑडिट' (म्हणजे पैसे न देता नुसतं बघणं) असं दिसतं, तिथून आत जा. प्रमाणपत्र मात्र त्यात नाही.

हर्षदा
निरंजन, ऑडिटची सोय आता सगळ्या कोर्सना दिसत नाही. काहींचा फक्त पहिला भाग उघडतो, पुढे पैसे. त्यापेक्षा 'फायनान्शियल एड'चा अर्ज भरावा. आपली परिस्थिती आणि कोर्स कशासाठी हवा ते चार ओळींत लिहायचं. उत्तर यायला दोन आठवडे लागू शकतात, पण मंजूर झालं तर प्रमाणपत्रासकट सगळं मिळतं.

निरंजन_के
त्या लगेच सुरू करायचं म्हणतायत आणि तुम्ही दोन आठवडे थांबायला सांगताय.

कासव
शाल्मली, कोर्स कोणासाठी हवाय? तुम्ही शिक्षिका आहात, पालक आहात, की मानसशास्त्र शिकताय? प्रमाणपत्र नोकरीत दाखवायचंय का? इंग्रजी चालेल ना? एवढं कळल्याशिवाय सांगणं कठीण आहे.

मधुरा_आई
पालक असाल तर मी डोळे मिटून एकच नाव सांगेन: 'हेल्प इज इन युअर हँड्स'. त्याच डेव्हिसच्या माइंड इन्स्टिट्यूटचं आहे, पूर्ण मोफत. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी जी डेन्व्हर पद्धत विकसित केली तिच्यावर आधारलेले छोटे छोटे व्हिडिओ आहेत. मुलाचं लक्ष कुठे आहे ते बघून तिथे आपण कसं सामील व्हायचं, आंघोळ, कपडे, खेळ यांतूनच देवाणघेवाण कशी वाढवायची, हे प्रत्यक्ष दाखवलंय. माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. थेरपीची वेळ मिळेपर्यंत आम्ही याच्यावरच तग धरला. आजच सुरू करा, या वयातला एकेक महिना मोलाचा असतो!

शाल्मली_र
मी शिक्षिका नाही. भावासाठी हवाय. इंग्रजी वाचलेलं समजतं, पण भाषण भराभर असलं की मी मागे पडते. प्रमाणपत्र नोकरीसाठी नको. घरचे आणि थेरपिस्ट मला 'तुला काय कळतं' म्हणून गप्प करतात, हातात काहीतरी असलं तर ऐकतील असं वाटतं. आता कृपया नेमकं नाव सांगा.

पर्णिका
भावासाठी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं काळजीवाहूंसाठीचं प्रशिक्षण बघा. २०२२ पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. विद्यापीठाचं नाही, पण घरच्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलंय, आणि निदान झालेलं असलंच पाहिजे अशी अट नाही.

दिनकर_प्रा
मी वेगळं सुचवतो. येल विद्यापीठाची ऑटिझमवरची संपूर्ण व्याख्यानमाला यूट्यूबवर मोफत आहे. फ्रेड व्होल्कमार यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेला वर्ग जसाच्या तसा चित्रित केलाय. मूळ शास्त्र समजून घ्यायचं तर याला तोड नाही. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या तिथपासूनचा इतिहास डोक्यात असल्याशिवाय आजचे वाद कळतच नाहीत. एकेकाळी दोष थंड, अलिप्त आईवर टाकला जायचा. हे ज्याने वाचलंय तो आजच्या आयांशी वेगळ्या तऱ्हेने बोलतो.

हर्षदा
सर, ती व्याख्यानं २०१३ च्या आधीची आहेत. २०१३ मध्ये डीएसएम-५ हे निदानाच्या निकषांचं अमेरिकन पुस्तक आलं आणि अॅस्पर्गर, पीडीडी हे निदानाचे वेगवेगळे कप्पे जाऊन एकच स्पेक्ट्रम झाला. संवेदनांचा कमी-जास्तपणा, म्हणजे आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास किंवा ओढ, निकषांत आली तीही तेव्हाच. नवख्या माणसाने येलपासून सुरुवात केली तर आजचा निदानाचा कागद हातात घेऊन गोंधळेल.

दिनकर_प्रा
निकष बदलले म्हणून निरीक्षणं शिळी होत नाहीत. माणूस तोच आहे.

कासव
त्यांनी यूट्यूब नको आणि भराभर भाषण नको असं सांगितलंय, तेव्हा येल तूर्त बाजूला ठेवू. शाल्मली, भावाचं वय काय? आणि तो बोलतो का?

शाल्मली_र
१९ वर्षांचा आहे. बोलत नाही. हाताला धरून नेतो, नको असेल तर ढकलतो, आम्हाला बहुतेक समजतं. लहानपणापासून आईच सगळं बघत आलीय, आता तिला झेपत नाही, त्यामुळे पुढचं मी बघणार आहे. महिनाभर तो कानावर आणि गालावर जोरात मारून घेतोय, आधी असं कधीच करत नव्हता. थेरपिस्ट म्हणतात ऑटिझममध्ये असं होतं. म्हणूनच शिकायची घाई आहे.

मधुरा_आई
अच्छा. मग मी सांगितलेलं तुमच्या उपयोगाचं नाही, ते अगदी लहान मुलांसाठी आहे. पर्णिकाताईंचं प्रशिक्षणसुद्धा २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे.

जुनी_वही
कोर्सचं नंतर बघू. शाल्मली, आधी कान आणि दात तपासून घे.

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, तोही बोलत नाही. त्याने असंच जबड्यावर मारून घ्यायला सुरुवात केली आणि आम्हालाही हेच उत्तर मिळालं, ऑटिझम आहे, होतं असं. निघाली किडलेली अक्कलदाढ. ज्याला 'दुखतंय' म्हणून सांगता येत नाही तो दुखतंय तिथे मारतो, नाहीतर जेवण टाकतो, झोप सोडतो. जे आधी नव्हतं आणि अचानक सुरू झालं त्याचं कारण आधी शरीरात शोधायचं: कानातला संसर्ग, साठलेला मळ, दात, हिरड्या, सायनस, डोकेदुखी, बद्धकोष्ठता, पित्त. या वयात आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचार. ऑटिझम असलेल्यांना अपस्माराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि फिट्स किशोरवयात पहिल्यांदा सुरू झाल्याचीही उदाहरणं आहेत. मध्येच टक लावून थिजतो का, झोपेत झटके येतात का, यावर लक्ष ठेव.

मारून घेतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेव. दवाखान्यात तो तसं करेलच असं नाही. वेळही लिहून ठेव: जेवताना, गार पाणी पिताना, की आडवं झाल्यावर. आणि वेळ घेतानाच सांग की तो बोलत नाही, गर्दीत बसवू नका, दिवसातली पहिली वेळ द्या.

विवेक_बी
वैद्यकीय तपासणी करावीच, पण खरा इलाज एबीए, म्हणजे छोट्या पायऱ्या आणि बक्षिसं देऊन वागणं शिकवण्याची थेरपी. १९८७ चा लोवास यांचा अभ्यास बघा. आठवड्याला ४० तास थेरपी दिलेल्या १९ पैकी ९ मुलांची प्रगती सर्वसामान्य मुलांइतकी झाली. माझ्या पुतण्याला खूप फरक पडलाय. तिने एबीएचाच कोर्स करावा.

सांजवात
विवेक, त्या अभ्यासातली मुलं थेरपी सुरू झाली तेव्हा चार वर्षांच्या आतली होती. १९ वर्षांच्या मुलासाठी तो दाखला कसा लागू होतो? आणि त्या अभ्यासात मुलांना मारणंही होतं, तेही सांगा.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान चाळिशीत झालं. माझी विनंती अशी की कोर्स कोणताही घ्या, पण त्यात ऑटिस्टिक माणसं स्वतः बोलतायत का ते आधी बघा. कित्येक कोर्समध्ये आमच्याबद्दल सगळे बोलतात, आम्ही कुठेच नसतो. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. तुमचा भाऊ तुम्हाला समजत नाही तितकेच तुम्हीही त्याला समजत नाही, मग सगळी दुरुस्ती त्याच्यातच का? मला ते वाचून आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण बिघडलेलो नाही.

विवेक_बी
आजचं एबीए तेव्हासारखं राहिलेलं नाही. शिक्षा आता बहुतेक ठिकाणी देत नाहीत.

सांजवात
शिक्षा बरीचशी गेली, पण हात हलवू नको, डोळ्यांत बघ, हे बऱ्याच ठिकाणी अजून आहे. मला ते अंगावर येतं.

कासव
या वादासाठी वेगळा धागा काढा, दोघांचंही वाचायला आवडेल.

शाल्मली, तुम्ही सांगितलेल्यावरून माझी निवड: ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या 'ओपनलर्न' या साइटवरचा 'अंडरस्टँडिंग ऑटिझम'. साधारण २४ तासांचा, ८ आठवड्यांत विभागलेला, पण आपल्या वेगाने करता येतो. कार्ड मागत नाहीत. बराचसा भाग लिखित आहे आणि पीडीएफ उतरवून घेता येतं, म्हणजे भाषणामागे धावायला नको. अडलेला परिच्छेद भाषांतराच्या अॅपमध्ये टाकून वाचता येईल. निदान, कारणं, उपाय यांच्याबरोबर बालपणापासून मोठेपणीपर्यंतच्या आयुष्याचा विचार आहे, आणि वेगवेगळ्या संस्कृतींमध्ये ऑटिझमकडे कसं बघतात तेही आहे. प्रश्नमंजूषा सोडवल्या की डिजिटल बॅज आणि सहभागाचं पत्र मोफत.

त्यानंतर फ्यूचरलर्नवर केंट विद्यापीठाचा त्याच नावाचा कोर्स आहे, ४ आठवड्यांचा. मिल्टन याच विद्यापीठाच्या टिझार्ड सेंटरमध्ये शिकवतात. पण तिथे मोफत प्रवेश मुदतीपुरता असतो, म्हणून सवड असेल तेव्हाच सुरू करा.

हर्षदा
यात एक भर. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल शाखेचं 'अफर्म' बघा. पुराव्यावर टिकलेल्या २८ पद्धतींची मोफत मॉड्यूल्स आहेत, आणि मूळ आढाव्यात जन्मापासून २२ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींवरचे अभ्यास धरलेत, म्हणजे तुमचा भाऊ त्यात बसतो. सगळी करायची गरज नाही. वागण्यामागचं कारण शोधण्याचं एक आणि त्या वागण्याऐवजी संवादाचा मार्ग देण्याचं एक, ही दोन आधी करा. मारण्याच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं, त्यातून त्याला काय मिळालं किंवा काय टळलं, हे लिहून काढायला शिकवतात. चाचणी दिली की प्रमाणपत्र मिळतं.

पण ते कोणाच्या तोंडावर फेकायला वापरू नका. ऑनलाइन कोर्सच्या कागदाने थेरपिस्ट बधणार नाहीत. तारखा-वेळांसकट नोंदी समोर ठेवल्या तर त्या बाजूला सारणं त्यांना अवघड जाईल.

सत्यशोधक७
गहू आणि दूध बंद करा, तीन महिन्यांत फरक दिसेल. कोर्सबिर्स काही लागत नाही.

जुनी_वही
याला भक्कम पुरावा नाही. जी मुलं मोजकेच पदार्थ खातात त्यांचं दूध तोडलं तर कॅल्शियम कुठून आणणार? पोटाची खरीच तक्रार असेल तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारून काय ते करावं.

सांजवात
शाल्मली, आणखी एक. १९ व्या वर्षीही चित्रांचं किंवा टॅबलेटवरचं संवादाचं साधन सुरू करता येतं. 'वय गेलं' किंवा 'मग तो बोलणारच नाही' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, अशा साधनामुळे बोलणं थांबतं याला आधार नाही. चित्रांत 'दुखतंय' आणि 'थांब' पहिल्या दिवसापासून ठेवा. फक्त हवं ते मागण्यापुरती चित्रं देऊ नका.

शाल्मली_र
सगळ्यांचं वाचलं. कानाच्या डॉक्टरांची परवा सकाळची पहिली वेळ मिळालीय, दातांचं त्यानंतर. जुनी_वही, तुम्ही म्हणालात म्हणून काल दिवसभर लिहिलं. जेवताना नाही, पण उजव्या कुशीवर आडवा झाला की मारतो, आणि उजवीकडेच. आईलाही दाखवलं, ती म्हणाली हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

ओपनलर्नवर खातं उघडलं, खरंच कार्ड मागितलं नाही. पहिला आठवडा वाचतेय. व्हिडिओ येतात तिथे लिहिलेलं मिळतं का?

कासव
मिळतं. व्हिडिओच्या खाली 'ट्रान्सक्रिप्ट' आहे, ते उघडा.

जुनी_वही
उजवीकडचं आणि कुशीचं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग. कानाच्या पडद्यामागे काही दिसत नाही म्हणाले, तरी दातांची वेळ रद्द करू नकोस.

मृण्मयी_व
धागा वाचून विचारते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्यासाठी मला यातलं कोणतं चालेल?

कासव
वय काय आणि बोलते का?