जंगलातला धबधबा, जाऊन-येऊन ११ किलोमीटर: वेळेचा अंदाज बरोबर आहे का? ओढ्यासाठी दोर न्यावा का?

आडवाट:

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी आम्ही चौघं एका धबधब्यापर्यंत चालत जाणार आहोत. मी, माझी बहीण, तिचा नवरा आणि ११ वर्षांची भाची. नकाशावर एका बाजूने साडेपाच किलोमीटर अंतर आणि ४५० मीटर चढ दिसतोय. गाडीरस्ता संपला की पुढे वस्ती नाही, रेंज नाही, सगळं दाट जंगल. एकच ओढा दोनदा ओलांडावा लागतो, दुसऱ्यांदा धबधब्याच्या अर्धा किलोमीटर अलीकडे.

रोज तासभर चालायची सवय सगळ्यांनाच आहे, पण डोंगरात फिरलोय ते मी आणि बहीणच. भाचीचा दम चांगला आहे, उतारावर मात्र ती बिचकते. बेत असा: सकाळी १० ला चालायला सुरुवात, १२ ला धबधबा, तिथेच जेवण, डोहात पोहणं, ४ पर्यंत गाडीशी. अंधार साधारण साडेसहाला पडतो. सध्या पावसाचा जोर ओसरलाय, पण एखाद्या दुपारी गडगडाट होऊन सर येतेच.

एवढ्या वेळात हे बसेल ना? आणि ओढ्यासाठी दोर घ्यावा का?

चढउतार:

बेत नीट लिहिलात म्हणून नीट उत्तर देता येतंय. माझं स्पष्ट मत: १० ला निघू नका, ७ ला निघा.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा हिशेब मांडला, तो आजही कामाला येतो. दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. तुमचे साडेपाच किलोमीटर म्हणजे साधारण ६६ मिनिटं, ४५० मीटर चढाची ४५ मिनिटं. झाले १११, म्हणजे तुम्ही धरलेले जवळपास दोन तास. पण हा हिशेब चांगल्या वाटेवरून, न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचा आहे. ओली मुळं, आडवी पडलेली झाडं, वाट शोधण्यात जाणारी मिनिटं त्यात नाहीत. लहान मूल बरोबर असताना मी दीडपट धरते. म्हणजे पावणेतीन तास.

उतरताना वेळ वाचेल असं समजू नका. ओल्या मातीच्या उतारावर घाई करून चालत नाही आणि दमलेले पाय तिथेच घसरतात. भाची बिचकते ती योग्यच बिचकते. तिला पुढे ओढू नका, मागून हाकलूही नका. तिच्या एक पाऊल खाली एका मोठ्या माणसाने चालावं आणि पाय कुठे ठेवायचा ते दाखवावं. परतीला सव्वादोन तास धरा.

७ ला निघालात तर पावणेदहाला पोहोचाल. ११ वाजता, धबधबा दिसलेला असो वा नसो, मागे वळायचं. ही वेळ आदल्या दिवशीच चौघांनी ठरवा आणि भाचीलाही सांगा. जागेवर पोहोचून ठरवायला गेलात तर 'आता पाचच मिनिटं राहिलीत' असं कोणीतरी म्हणतंच, आणि त्या क्षणी ते सगळ्यांना पटतं. ११ ला वळलात तर सव्वाच्या सुमारास गाडीपाशी असाल, दुपारची सर यायच्या आधी. तुमच्या १० च्या बेतात जेवण-पोहणं आटपून परत ओढ्यापाशी येईपर्यंत दुपार कलायला लागेल, आणि मला काळजी अंधारापेक्षा त्या ओढ्याची आहे.

सकाळी घोटाभर असलेला ओढा परतताना तसाच असेल याची खात्री नसते. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाणलोटात पाऊस पडला की लोंढा नंतर खाली येतो. जोरात वाहणारं पाणी अगदी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, म्हणून खोलीबरोबर वेगही बघायचा. जाताना काठावरचा एखादा ठळक दगड हेरून ठेवा आणि पाणी त्याच्या कुठवर आहे त्याचा फोटो काढा. परतताना तो दगड बुडालेला दिसला की तुम्हाला उत्तर मिळालं.

आदल्या रात्री किंवा पहाटे जोरदार पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. धबधबा पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल.

डोहकाठ:

वेळेचं वर आलंच आहे. मी फक्त पोहण्याबद्दल लिहितो.

धार पडते तिथलं फेसाळ पाणी हवेने भरलेलं असतं, त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही. शिवाय पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं आणि पुन्हा धारेकडे ओढतं. चांगले पोहणारेही तिथे अडकतात. धारेखाली उभं राहून फोटो काढायचा मोह होतो, पण वरून पाण्याबरोबर दगड आणि फांद्याही येतात, आणि त्या आवाजात काही ऐकू येत नाही. डोहात उडी तर अजिबात नको. तळ दिसत नाही, आणि गार पाण्यात एकदम पडल्यावर आपोआप जोराचा श्वास घेतला जातो; त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. भाचीला पाण्यात खेळायचंच असेल तर डोहाच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी पसरून गुडघ्याच्या खाली येतं आणि तळाचे गोटे दिसतात तिथे, आणि एक मोठं माणूस तिच्यापेक्षा प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभं राहून.

हिरवी वाट:

जळवांची कोणी आठवण केली नाही म्हणून लिहिते. पँट मोज्यांत खोचा, दर विश्रांतीला एकमेकांचे पाय बघा. लागलीच तर काडी लावू नका, जोरात ओढू नका. नख त्वचेला घासून तोंडाखाली सरकवा, सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण रक्त गोठू नये असा पदार्थ ती सोडते. मुलीला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती रक्त बघून भिणार नाही.

आणि ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. सकाळी थंडगार असताना पाणी कमी लागेल असं वाटतं. प्रत्येकी दोन लिटर तरी घ्याच.

आडवाट:

मनापासून आभार. बहिणीला वाचून दाखवलं, ७ ची वेळ पक्की. दोराचं मात्र राहिलं. मेहुण्याचं म्हणणं, कमरेला बांधून ओलांडलं तर भाचीसाठी सुरक्षित होईल.

चढउतार:

कमरेला दोर बांधून ओढा ओलांडू नका, मुलीला तर नाहीच. पाय निसटला की दोर ताणला जातो आणि प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. दोराचं तंत्र शिकलेल्यांसाठी तो ठीक आहे; तुम्ही तो घरीच ठेवा. दोर लागेल असं वाटण्याइतकं पाणी असेल तर तो ओढा त्या दिवशी ओलांडायचाच नाही.

ओलांडताना पात्र रुंद असलेली जागा निवडा, तिथे पाणी उथळ असतं. खालच्या अंगाला कडा किंवा अडकलेल्या फांद्या नाहीत हे बघा. बूट काढू नका. पाठीवरच्या पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येईल. भाचीला मध्ये घेऊन एकमेकांचे दंड धरा. आणि पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली किंवा आवाज वाढला, तर सामान सोडून उंचावर जा.

परतताना पाणी वाढलेलं असेल तर अलीकडेच थांबा. बहुतेक छोटे ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. म्हणून प्रत्येकाकडे एक कोरडा जाड कपडा, जास्तीचं खाणं आणि डोक्याला लावायची बॅटरी असू द्या, उजेडात परतायचं ठरवलं असलं तरी. गडगडाट सुरू झाला तर वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीसच्या आत असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. उघड्या कातळावरून आणि पाण्यातून बाजूला व्हा, एकट्या उंच झाडाखालीही थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

नकाशा आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर ठेवा. रेंज शोधण्यात बॅटरी संपते. जागा दाखवायला रेंज लागत नाही, ती उपग्रहावरून मिळते. दुसरा फोन बंद करून प्लॅस्टिकमध्ये ठेवा. भाचीच्या गळ्यात शिट्टी द्या. मदतीची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. चुकामूक झाली तर तिने आहे तिथेच थांबून शिट्टी वाजवायची, शोधत फिरायचं नाही. हे तिच्याकडून घरीच एकदा करून घ्या.

निघण्याआधी घरी राहणाऱ्या कोणाकडे तरी लिहून द्या: गाडी कुठे लावणार, कोणत्या वाटेने जाणार, बरोबर कोण कोण. परतल्यावर रेंजमध्ये येताच त्यांना फोन करा. दुपारी ४ पर्यंत तुमचा फोन आला नाही तर त्यांनी वाट न बघता मदत बोलवायची, आणि कोणत्या नंबरवर, तेही त्याच कागदावर लिहा.