मदत हवी आहे: वेबसाइटच्या आतल्या लिंकांवर काय लिहायचं?

देवगडवाला: घरच्या हापूसची वेबसाइट आहे. आतल्या सगळ्या लिंकांवर 'येथे क्लिक करा' आहे. बदला म्हणतात. सगळीकडे 'देवगड हापूस' टाकू का? मोहर धरलाय, वेळ नाही. लवकर सांगा.

खाडीकाठ: पानं किती? कुठून कुठे जाणाऱ्या लिंका? साइट वर्डप्रेसवर बनवली आहे की आणखी कशावर?

दर्यावर्दी: त्यात विचारायचंय काय? टाका बिनधास्त. माझ्या साइटवर जेवणाच्या पानाच्या लिंकेवरसुद्धा 'तारकर्ली होमस्टे'च आहे. बुकिंग येतात.

खाडीकाठ: ती तारकर्लीच्या किनाऱ्यामुळे येतात हो! क्लिक केल्यावर सोलकढी मिळणार की खोली, हे माणसाला कळायचं कसं? लिंकेवरच्या शब्दांनी पुढच्या पानात काय आहे ते सांगावं. 'पाच डझनी पेटीचे दर', 'पुण्याला घरपोच पाठवणी', असं. गूगलही त्याच शब्दांवरून पुढचं पान ताडतं. 'येथे क्लिक करा', 'अधिक वाचा' टाळा, हे त्यांच्याच मार्गदर्शनात आहे.

सातबारा: एकच शब्द फिरवलात तर पेंग्विनचा, म्हणजे शोधात फसवाफसवी करणाऱ्या साइटना खाली ढकलणाऱ्या गूगलच्या बदलाचा, दणका बसेल. २०१२ला तो आला, विसरलात वाटतं?

खाडीकाठ: पेंग्विन बाहेरून जमवलेल्या बनावट लिंकांसाठी होता. घरातल्या लिंकांना कशाला भिववताय?

कातळसडा: मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. पानावरच्या लिंकांची यादी उघडली की ओळीने 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा' ऐकू येतं. कुठली लिंक दरांची, कुठली फोन नंबरची? मी सरळ दुसऱ्याकडून आंबे घेतो.

नारळीपोफळी: आधी होस्टिंग (साइट ठेवलेला सर्व्हर) बदला. साइट हळू असेल तर सगळं फुकट.

देवगडवाला: हळू आहे असं कोण म्हणालं?

रत्नागिरीकर: 'देवगड'च कशाला? २०१८ला हापूसचं भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरीही आहे.

सातबारा: पालघर, ठाणे, रायगडही आहेत. म्हणून चव सारखी होते काय?

गजालीकार: ता सगळा ऱ्हवांदे, पेटीचो भाव काय?

देवगडवाला: भाव मार्चात. पण मुख्य पानावर मजकूर नाहीच. पेटीच्या फोटोवर दाबलं की दर उघडतात. त्यावर कुठे लिहू?

खाडीकाठ: हे आत्ता सांगताय? फोटोच लिंक असेल तर त्याचा ऑल्ट मजकूर (फोटोला मागे जोडलेलं लेखी वर्णन) लिंकेचे शब्द म्हणून धरला जातो. तिथे 'हापूस पेटीचे दर' लिहा. 'आयएमजी ००४' असलं फाइलचं नाव असेल तर आधी ते काढा.

देवगडवाला: तिथे काहीच नाही, रिकामं आहे. भाच्याला लावतो कामाला.

नारळीपोफळी: भाच्याला होस्टिंगचंही विचारा.