मग याला काय येतं?

गोलाईवाली (लातूर)

परवा चुलत नणंदेकडे जावळाला गेलो होतो. माझा मुलगा १३ वर्षांचा, स्वमग्न. स्पीकर सुरू झाला की कानांवर हात ठेवून कोपरा धरतो. एक पाहुणे जवळ आले, दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "ऑटिझम का? मग याला काय येतं?"

हेतू वाईट नव्हता. गणित, पेटी, चित्रकला, काहीतरी येतच असणार अशी त्यांची खात्री होती. मी म्हटलं, "शर्टाची बटणं लावता येतात, मागच्या दिवाळीपासून." त्यांचा चेहरा उतरला. त्या बटणांसाठी आम्ही गल्लीत पेढे वाटले होते, हे सांगायचं राहूनच गेलं.

हा प्रश्न पडद्यावरून आलाय असं माझं मत आहे. १९८८ चा 'रेन मॅन' आठवा. जमिनीवर सांडलेल्या काड्या एका नजरेत मोजणारा स्वमग्न रेमंड. सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, त्यातलं एक रेमंड झालेल्या डस्टिन हॉफमनला. हे पात्र ज्याला भेटून लेखकाला सुचलं तो किम पीक. त्याला हजारो पुस्तकं पाठ होती, पण तो स्वमग्न नव्हताच, असं पुढे तज्ज्ञांनी सांगितलं. मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टाच त्याला जन्मापासून नव्हता. म्हणजे माप एकाचं घेतलं आणि सदरा आमच्या लेकरांना घातला.

नंतर आले ते सगळे त्याच मापाचे. 'द गुड डॉक्टर'मधला सर्जन, २०२२ च्या 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' या कोरियन मालिकेतली वकीलबाई, 'माय नेम इज खान'मधला काहीही दुरुस्त करून देणारा रिझवान. माझ्या ओळखीत स्वमग्न मुलांची नऊ-दहा घरं आहेत. त्यातल्या निम्म्या घरांत रोजची लढाई असते दात घासायची.

दुसरी तक्रार त्याहून मोठी. या पात्रांना काम काय असतं, तर शेजारच्या धडधाकट माणसाला सुधारायचं. 'रेन मॅन'मध्ये भाऊ सुधारतो, रेमंडला मात्र रेल्वेत बसवून परत संस्थेत पाठवतात. खरा किम पीक वडिलांजवळ राहिला, त्यांच्याबरोबर गावोगाव फिरला. २०२५ च्या 'सितारे जमीन पर'मध्ये अशा मुलांच्या संघाचा कोच सुधारतो. आमच्या लेकरांनी एकूण किती जणांना सुधारायचं?

पाव्हणा परभणीचा

ताई, तुमचं दुखणं कळतंय, पण मला हे पटलं नाही.

आमच्या चुलत्याचं लेकरू तुमच्या पोरासारखंच. आता पस्तिशीचं हाय. लहानपणी त्याला गावात येडं म्हणायचे, तोंडावर. माय बिचारी उतारे टाकून थकली. तुळजापूरचा नवस झाला, दर्ग्यातला दोरा झाला, एका बाबानं तर मिरचीची धुरी द्यायला लावली. डॉक्टर म्हणायचे, बाप उशिरा बोलला असंल, हे बी बोलंल. २०१० ला चुलता शाहरुखचा पिक्चर बघून आला आणि रात्री जेवता जेवता म्हणाला, "आपल्या पोराला हेच हाय." तोवर घरात त्याला नावच नव्हतं. त्या दिवसापासून धुरी बंद झाली.

पिक्चर अर्धा खोटा असंल. रिझवान चालत चालत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला भेटतो, आमच्याला रस्ता वलांडायला हात धरावा लागतो. पण ज्या घरात शब्दच नाही तिथं चुकीचा शब्द बी कामाला येतो. तुम्ही शिकल्या-सवरल्या हायत म्हणून तुम्हाला सदऱ्याचं माप दिसायलंय. आमचं लेकरू उघडं होतं हो.

पडद्यामागचा (छत्रपती संभाजीनगर)

मी एकांकिका बसवतो, त्यामुळे जरा तांत्रिक बोलतो.

पहिलं म्हणजे गोलाईवाल्या ताईंनी 'बर्फी' सोयीस्करपणे वगळला. २०१२ चा. त्यातल्या स्वमग्न झिलमिलला काय येतं? काही नाही. काड्या मोजत नाही, खटले जिंकत नाही. तिला एक माणूस आवडतो आणि त्या माणसाला ती आवडते. ती कोणाला सुधारतही नाही. म्हणजे "सगळे त्याच मापाचे" हे खरं नाही.

दुसरं, गोष्टीत सर्जन का घेतात, तर टेबलावर पेशंट असतो आणि घड्याळ चालू असतं. दात घासण्यावर दोन तास प्रेक्षक बसवून दाखवा, मी तिकीट काढतो.

तिसरं, "स्वमग्न पात्र स्वमग्न नटानेच करावं" हे कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. नाटक हा परकायाप्रवेश आहे. उद्या खुन्याच्या भूमिकेला खुनी शोधायचा का? 'चौकट राजा'तला दिलीप प्रभावळकरांचा नंदू बघून रडला नाही असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही.

गोलाईवाली (लातूर)

बर्फीचं मान्य. झिलमिल मला आवडली होती, लिहिताना विसरले.

दात घासण्याचं मात्र मान्य नाही. आमच्याकडे रोज सकाळी सव्वा सात वाजता पेशंट टेबलावर असतो आणि शाळेची रिक्षा दारात असते.

आणि खुन्याचं उदाहरण चुकलं. खुन्यांना नट व्हायचं असतं आणि त्यांना कोणी दारात उभं करत नाही, असं तर नाही ना? 'चौकट राजा' १९९१ चा. २०१४ ला 'यलो' आला, त्यात डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच स्वतःच्या भूमिकेत होत्या. 'सितारे'तही दहा जण खरेच घेतलेत. जमतं. मनावर घ्यावं लागतं.

खोडी_नंबर_एक

आता पटकथेला तहसीलदाराचा दाखला जोडायचा का? यावर हसायचं नाही, त्यावर रडायचं नाही. कोर्टानेही यात नाक खुपसलंय म्हणे.

पाटी_पेन्सिल (नांदेड)

खोडीभाऊ, कोर्टाने हसायला बंदी घातलेली नाही. 'आँख मिचौली' सिनेमावरून अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या निपुण मल्होत्रांनी याचिका केली होती, तिचा निकाल जुलै २०२४ मध्ये आला. अपंगत्व समजून केलेला विनोद वेगळा आणि माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा, असा फरक सर्वोच्च न्यायालयाने केला. आणि अशी पात्रं लिहिताना त्या माणसांनाच विचारा, असं सांगितलं. तहसीलदार त्यात कुठेच नाही.

मी विशेष शिक्षिका आहे, १६ वर्षं झाली. गोलाईवाल्या ताई, तुमच्या पाहुण्यांना एकट्याला दोष देऊ नका. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी जी 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी भरतात, तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि चाळिसावा मुद्दा हाच, अचाट कौशल्य आहे का. म्हणजे "याला काय येतं" हे सरकारही विचारतं, फक्त सगळ्यात शेवटी विचारतं. त्या आधीच्या ३९ मध्ये नजर, बोलणं, हट्ट, आवाज, चव असं रोजचं सगळं आहे. सिनेमावाले पट्टी उलटी वाचतात आणि पहिल्याच मुद्द्यावर थांबतात. असं कौशल्य फार तर दहात एकाला, हा जुना अंदाज आहे. माझ्या वर्गात सध्या एकाही मुलात नाही.

पण मला या हुशारीपेक्षा जास्त राग 'कोई मिल गया'चा आहे. २००३ चा. तिथे ऑटिझमचं नाव नाही, पण मतिमंद म्हणून हिणवलेला मुलगा परग्रहावरून आलेल्या जादूच्या कृपेने बरा होतो. आजही पालक माझ्यासमोर बसतात आणि तोच जादू शोधत असतात. आणि त्यांना जादू विकणारे भेटतातही. शेत विकून इंजेक्शनं घेतलेलं घर मी पाहिलंय.

परभणीच्या पाव्हण्यांना एवढंच म्हणेन, चुकीचा शब्द प्रत्येक वेळी कामाला येत नाही. गायिका सिया हिने काढलेल्या 'म्युझिक' नावाच्या सिनेमात एका स्वमग्न मुलीला शांत करायला तिच्यावर अंग टाकून दाबून धरताना दाखवलं होतं. असं पालथं दाबल्याने श्वास कोंडून माणसं मेलेली आहेत. टीका झाली, तिला माफी मागावी लागली. पण पडद्यावर "असं धरलं की शांत होतं" हे बघून कोणी घरी करून बघितलं तर?

पाव्हणा परभणीचा

हे माहीत नव्हतं. आमच्याकडं बी लहानपणी त्याला तसंच धरायचे, पिक्चर न बघताच. पुढं लिहवत नाही.

दोन_पंखे_बंद (मूळ जालना, आता पुणे)

मी स्वतः स्वमग्न आहे. वयाच्या २९ व्या वर्षी कळलं. सॉफ्टवेअरमध्ये आहे, लग्न झालंय, आणि हो, मला तारीख सांगितली की वार सांगता येत नाही.

या धाग्यावर आई बोलली, चुलत भावाबद्दल भाऊ बोलला, दिग्दर्शक बोलला, बाई बोलल्या. सगळे चांगलं बोलले. सिनेमातही हेच होतं. आमच्या आजूबाजूचे लोक आमच्याबद्दल छान बोलतात.

पडद्यामागचे सर, परकायाप्रवेश म्हणता, पण तुमचे नट आमच्या कायेत शिरत नाहीत, एकमेकांच्या शिरतात. मान कलती, नजर जमिनीला, आवाज सपाट, हाताची बोटं मागेपुढे. १९८८ पासून तीच नक्कल चालू आहे. मी ऑफिसात नजरेला नजर देतो, विनोदावर हसतो, कोणाला संशय येत नाही. त्यासाठी दिवसभर जे डोकं चालवावं लागतं, त्यामुळे रात्री आठला घरी येऊन मी अंधारात दोन्ही पंखे बंद करून पडतो. बायको ताट झाकून ठेवते. पुण्यात मे महिन्यात पंखा बंद, हे नाट्य नाही का? हे कधी बघितलंत पडद्यावर?

आता ताईंना उलट बोलतो. त्या कोरियन वकीलबाईवर तुम्ही फुली मारली, मी ती मालिका दोनदा बघितली. ती हुशार आहे म्हणून नाही बघितली. पहिल्याच भागात तिला इमारतीच्या गोल फिरत्या दारातून आत जाता येत नाही, कधी पाऊल टाकायचं तेच कळत नाही. मी नोकरीच्या पहिल्या दिवशी तसल्याच दारापुढे उभा होतो. मागे रांग. रडलो मी ते बघून. नटी स्वमग्न नाही, पात्र तुमच्या भाषेत सदऱ्याच्या मापाचं, तरी रडलो. म्हणजे माझं मत काय, विचाराल तर मला धड सांगता येणार नाही.

आणि एक विचारतो, राग मानू नका. बटणांचं तुम्ही पाहुण्यांना सांगितलंत तेव्हा मुलगा शेजारी होता ना?

पडद्यामागचा (छत्रपती संभाजीनगर)

एकमेकांच्या कायेत शिरतात, हे लागलं. बरोबर आहे. आमच्या तालमीत एका मुलाला असं पात्र दिलं होतं, त्याने घरी जाऊन तेच तीन सिनेमे बघितले आणि आम्ही त्याला अभ्यास म्हटलं. स्पर्धेत बक्षीसही मिळालं त्याला. खुन्याचं उदाहरण मागे घेतो. नट कुठलाही असू शकतो यावर मात्र मी ठाम आहे.

गोलाईवाली (लातूर)

हो, शेजारीच होता.

काल दिवसभर उत्तर लिहायचं टाळलं. एक गोष्ट मी वर लिहिली नाही, ती लिहिते. माझ्या मुलाला एसटी ओळखता येते. नंबरप्लेट बघून सांगतो, एमएच २० म्हणजे चिकलठाण्यात बांधलेली, एमएच १४ म्हणजे दापोडी, एमएच ४० म्हणजे हिंगणा. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, कुठल्या आगाराची हे लांबून सांगतो. पाहुणे आले की मीच त्याला फोनवर बसचे फोटो दाखवते आणि म्हणते, सांग बाळा. लोक म्हणतात, बघा, सिनेमातल्यासारखा. मला बरं वाटतं. जावळाच्या दिवशी फोन घरी राहिला होता, म्हणून बटणांवर आले.

दोन_पंखे_बंद (मूळ जालना, आता पुणे)

त्याला बसमधलं नेमकं काय आवडतं?

गोलाईवाली (लातूर)

तो फार बोलत नाही, म्हणून आज विचारलं नाही, स्टँडवर घेऊन गेले. पाऊण तास बसलो. मी एकही नंबर विचारला नाही, त्यानेही एकही सांगितला नाही. गर्दी होती, भोंगे होते, तरी कानांवर हात नाही, याचं मला नवल वाटलं. गाडी फलाटावरून मागे काढताना कंडक्टर पत्र्यावर थाप मारत राहतो ना, ती तो स्वतःच्या मांडीवर मारत होता. कंडक्टर थांबला की हा थांबायचा. निलंग्याची गाडी गेली, मग उदगीरची. तिसऱ्या गाडीला मी पण मारली.