‘डिस्क्लोजर’साठी प्रकटीकरण, खुलासा की आणखी काही?

प्रश्न : कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीवरील एका शोधनिबंधाचा अनुवाद करताना मी ‘डिस्क्लोजर’ या शब्दापाशी अडलो आहे. ‘प्रकटीकरण’ जड वाटते आणि ‘खुलासा’ म्हटले की आरोपानंतर दिलेले स्पष्टीकरण डोळ्यांसमोर येते. तो शब्द गाळून ‘सामाजिक जबाबदारी आणि आर्थिक कामगिरी’ एवढेच शीर्षक ठेवले तर चालेल का?

उत्तर : तो शब्द कृपया गाळू नका, कारण अशा अभ्यासांत बहुधा कंपनीचे काम मोजलेले नसते, तर त्या कामाविषयी तिने अहवालात काय सांगितले, ते मोजलेले असते. कामगारांची सुरक्षितता, पाण्याचा वापर, कार्बन उत्सर्जन अशा मुद्द्यांची यादी करून, मुद्दा अहवालात आला असेल तर एक आणि नसेल तर शून्य, असे गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत रूढ आहे. सांडपाणी तसेच नदीत सोडणाऱ्या कारखान्यानेही पाण्यावर दोन परिच्छेद लिहिले की त्याला तो एक गुण मिळतो, आणि पाणी शुद्ध करूनही त्याविषयी काहीच न लिहिणाऱ्याला शून्य. म्हणून ‘जबाबदारी पाळणाऱ्या कंपन्यांना नफा जास्त होतो’ असे वाक्य अनुवादात आले, तर मूळ लेखकाने न केलेले विधान आपण त्याच्या तोंडी घालतो.

मला ‘प्रकटीकरण’च योग्य वाटते. जे प्रकट नव्हते ते प्रकट करणे, हा अर्थ त्यातल्या ‘ई’काराने नेमका येतो, ‘प्रकटन’मध्ये गोष्ट आपोआप प्रकट झाल्याची छटा मला जाणवते. वाक्यात क्रियापद हवे असेल तेथे ‘जाहीर करणे’ खुशाल वापरावे, मात्र ‘जाहिरात’ त्याच मुळातून आलेली आहे, हे ध्यानात असावे. ‘जबाबदारी’त तर ‘जबाब’ आहेच, त्यामुळे सांगणे हा त्या कल्पनेचाच भाग ठरतो. ‘दायित्व’ मी टाळतो, कारण ताळेबंदात त्याचा अर्थ देणी असा होतो.

‘आर्थिक’ऐवजी ‘वित्तीय कामगिरी’ म्हणावे. त्यातही ती मोजण्याची मापे वेगवेगळी असतात : मत्तेवरील परतावा (मालमत्तेच्या तुलनेत मिळालेला नफा) हिशेबाच्या वह्यांतून, म्हणजे झालेल्या व्यवहारांतून येतो, तर टोबिनच्या क्यू गुणोत्तरात (कंपनीचे बाजारमूल्य भागिले तिची मत्ता नव्याने उभारण्याचा खर्च) बाजाराची पुढची अपेक्षा उतरते. दोन्हींना सरसकट ‘नफा’ म्हणू नये.

पुरवणी : ‘परिणाम’ हा शब्दही जपून वापरावा, असे मला वाटते. ज्या कंपनीच्या गाठीशी पैसा आहे तिलाच समाजकार्य आणि सविस्तर अहवाल दोन्ही परवडतात, त्यामुळे कारण कोणते आणि कार्य कोणते हे उलटेही असू शकते. ‘संबंध’ म्हणणे सुरक्षित. शिवाय प्रकटीकरण ‘ऐच्छिक’ की ‘बंधनकारक’ हे विशेषण सोडू नये. युरोपीय संघाने 2014 च्या निर्देशाने 500 हून अधिक कर्मचारी असलेल्या, ‘सार्वजनिक हिताच्या’ मोठ्या कंपन्यांना (शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, बँका, विमा कंपन्या इत्यादींना) पर्यावरण, कर्मचारी यांसारख्या विषयांवरची बिगरवित्तीय माहिती देणे बंधनकारक केले. जी माहिती सर्वांनाच द्यावी लागते, ती केवळ दिल्यामुळे एखादी कंपनी गुंतवणूकदाराच्या नजरेत वेगळी ठरत नाही.