डोंगरात किती ब्रास दगड आहे ते मोजता, मग त्याच डोंगरातलं पाणी का नाही मोजत?

शहापूरची लेक, ऐरोली

माझं माहेर शहापूर तालुक्यात, अगदी डोंगराच्या पायथ्याला. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा काका सांगत होते की जीपमधून दोन माणसं आली, रस्त्यावरनंच डोंगराचे फोटो काढले, मोबाईलवर लोकेशन घेतलं, सरपंचांकडे चहा घेतला आणि गेली. गौण खनिजाचा सर्वे म्हणे. काकांचा साधा प्रश्न होता, अगं डोंगरावर तर कोणी चढलंच नाही, मग सर्वे कसला केला?

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. खडी, डबर, मुरूम, वाळू, विटांची माती ही सगळी गौण खनिजं, १९५७ च्या खनिज कायद्याने यांचे नियम करायचा अधिकार राज्याकडे दिलाय. फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागेल. मग १५ जानेवारी २०१६ ची केंद्राची अधिसूचना आली, प्रत्येक जिल्ह्याने खनिजांचा सर्वेक्षण अहवाल करायचा, मसुदा २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी ठेवायचा, दर पाच वर्षांनी नवा करायचा. २५ जुलै २०१८ ला त्याचा नमुना सुधारला. म्हणजे कागदावर व्यवस्था चांगली आहे, मी तिच्या विरोधात अजिबात नाही.

पण गावाला त्यातून काय कळतं, तर अमुक गटात इतकं क्षेत्र, इतकी खोली, इतके ब्रास (ब्रास म्हणजे दगड-मुरूम मोजायचं माप, १०० घनफूट). आमच्या शेजारच्या टेकाडाचा मुरूम रस्त्याच्या भरावाला गेला, रीतसर परवान्यानेच गेला. त्याच्या खालच्या अंगाला माझ्या आजोबांनी खणलेली विहीर आहे. तिला मे महिन्यातही गुडघाभर पाणी असायचं, आता होळीलाच तळ दिसतो आणि आई सत्तरीच्या वयात टँकरची वाट बघत बसते. तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात, त्या पाण्यावर मुंबई-ठाणे जगतंय आणि आमच्या वाड्या एप्रिलपासून हंडे मांडून बसतात. माझं म्हणणं इतकंच आहे की दगड मोजायला जो माणूस येतो त्याने डोंगर चढावा, सोबत गावातला माणूस घ्यावा आणि झरे, विहिरी, ओढे त्याच नकाशावर मांडावेत. मंजुरी देणाऱ्याला दगड आणि पाणी एकाच कागदावर दिसलं पाहिजे.

खडीवाला, तुर्भे

ताई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजू पण ऐका. आम्ही प्रकल्पग्रस्त, नवी मुंबईसाठी आमच्या जमिनी गेल्या, भातशेती गेली, मिठागरं गेली, मग पारसिकच्या डोंगरात खाणी मिळाल्या त्यावर दोन पिढ्या जगल्या. तुम्ही ज्या ऐरोलीत राहता तिथल्या बिल्डिंगांना खडी कुठून आली? याच डोंगरातून. मग पर्यावरण मंजुरीच्या कारणाने खाणी बंद पडल्या, क्रशर गंजले, पोकलेनचे हप्ते मात्र चालूच. आणि खडी काय यायची थांबली? लांबून यायला लागली, रात्री यायला लागली.

आता तुम्ही म्हणता सर्वेत झरे पण मोजा. म्हणजे अजून दोन वर्षं अहवाल लटकणार, अहवाल नाही म्हणून लीज नाही, लीज नाही म्हणून कायदेशीर धंदा करणारा घरी बसणार आणि ज्याला कागदच नको तो रात्री दोन वाजता डंपर भरणार. नियम वाढला की जो नियम पाळतो तोच मरतो, हे मी डोळ्याने बघितलंय. आणि झरा म्हणजे नक्की काय हो? उद्या कोणीही ओलसर दगड दाखवेल आणि म्हणेल हा आमचा झरा, लीज अडली. यात राजकारण किती घुसेल याचा विचार करा.

दख्खनी दगड, ठाणे पश्चिम

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण विहीर का आटली याचं उत्तर दगडातच आहे.

आपले डोंगर म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, भाकऱ्यांची चवड रचावी तसे एकावर एक. कसारा घाटातून जाताना रस्त्याच्या कापावर बघा, पट्टे स्पष्ट दिसतात. बऱ्याच थरांत खालचा आणि मधला भाग घट्ट काळा पाषाण असतो, क्रशरवाल्याला तोच हवा असतो. वरचा भाग सच्छिद्र, त्याच्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेली, तो ऊन-पावसाने झिजून मऊ होतो आणि त्याचाच मुरूम बनतो. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही, फक्त भेगांतून जातं. पाणी साठतं ते या झिजलेल्या थरात आणि मुरमात. म्हणजे मुरूम ही डोंगराची कणगी आहे, पावसाळ्यात भरायची आणि उन्हाळ्यात हळूहळू काढायची. टेकाडावरचा मुरूम उचलला की खालच्या विहिरीची कणगीच उचलली. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातकट खडकाचा पट्टा असतो, वरून झिरपलेलं पाणी त्यावर अडतं आणि उतारावर बाजूने बाहेर पडतं, तो झरा. म्हणून जुन्या वाड्या बघितल्या तर बऱ्याच एकाच उंचीला ओळीने वसलेल्या सापडतात.

आता रस्त्यावरनं फोटो काढून यातलं काय कळणार? २० मीटरचं टेकाड आहे, त्यात घट्ट पाषाण ८ मीटर आहे की १८, हे ओढ्याच्या काठाने चढत गेल्याशिवाय किंवा भोक पाडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. वरून सॅटेलाईटने बघाल तर कारवी आणि गवत दिसेल. अंदाज चुकला की खाणवाला अपेक्षेएवढी खडी मिळाली नाही म्हणून आडवा पसरतो, आणि मग हद्द ओलांडली जाते. म्हणजे चालत केलेला सर्वे खडीवाल्या भाऊंच्या पण फायद्याचाच आहे.

आणि खडीवाले भाऊ, ओलसर दगडाचा तुमचा मुद्दा रास्त आहे, पण त्याला उपाय आहे. झरा एप्रिल-मे मध्ये मोजायचा. दहा लिटरची बादली किती सेकंदात भरते ते घड्याळ लावून लिहायचं, महिनाभराने परत जाऊन परत लिहायचं. जो मे मध्ये वाहतो तो झरा, बाकीचा पावसाळी पाझर. यात राजकारण घुसायला जागा राहत नाही.

साईट इंजिनीअर, घोडबंदर

सगळं पटतंय पण गरज किती आहे याचा अंदाज आहे का कोणाला? काँक्रीट म्हणजे मुख्यतः खडी आणि वाळूच, एम २० या नेहमीच्या काँक्रीटचं जुनं प्रमाण घ्या, एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. मेट्रो, कोस्टल रोड, वडोदरा हायवे, रिडेव्हलपमेंटच्या बिल्डिंगा, सगळं एकाच पट्ट्यात चाललंय. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी गाडी पळवून व्हिडिओ टाकले, त्याच्या भरावाचा मुरूम आणि काँक्रीटची खडी काय आभाळातून पडली?

आणि वाळूची गोष्ट तर अजून महत्त्वाची. खाडीची रेती खारट, नीट धुतली नाही तर सळई गंजते. नदीची वाळू काढायची नाही हे बरोबरच आहे. म्हणून आता कृत्रिम वाळू, मे २०२५ ला मंत्रिमंडळाने धोरण केलं, जिल्ह्यात ५० क्रशर, या वाळूवर सरकारला द्यायची रॉयल्टी ब्रासला ६०० वरून २०० वर. चांगलं धोरण आहे, मी स्वतः वापरतो. पण कृत्रिम वाळू दगडापासूनच होते ना! म्हणजे नदी वाचवली तो सगळा भार डोंगरावर आला. मला वाटतं गरज कमी होणार नाही, तेव्हा चार-पाच मोठ्या खाणी ठरवा, तिथे खोल जा आणि बाकी सगळे डोंगर मोकळे सोडा. प्रत्येक झऱ्याची पंचाईत करत बसलो तर कामं बंद पडतील.

रेतीबंदरकर, मुंब्रा

नदी वाचवली म्हणू नका साहेब. आमच्या खाडीत रेती उपसणारे सक्शन पंप रात्रभर वाजतात, कारवाई होते, बार्ज तोडतात, महिन्याने दुसरे येतात. रेती काढतात रेल्वेच्या पुलाखालनं, आणि त्याच पुलावरनं आमची मुलं रोज लोकलने जातात.

शहापूरची लेक, ऐरोली

साईट इंजिनीअर, "चार-पाच मोठ्या खाणी" कुठे होणार सांगा ना. घोडबंदरला होणार नाहीत. त्या आमच्याकडेच होणार, शहापूर-मुरबाडला. आमचा तालुका अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रात आहे, अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यात गौण खनिजाच्या लीजआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घेणं बंधनकारक केलंय. पण ग्रामसभेसमोर ठेवायला काय असतं, तर ब्रासचा आकडा. त्या आकड्यावर कातकरी वाडीतली बाई काय बोलणार? तिला विचारा वरचा झरा कधी आटतो, ती तारीख सांगेल. आणि ते २१ दिवस पीडीएफ वेबसाईटवर ठेवतात, आमच्या वाडीत रेंज नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत कागद लावा, एवढं तरी करा.

अजून एक. वाळूच्या बाबतीत ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नदीत दरवर्षी किती वाळू परत भरते याचा अभ्यास असल्याशिवाय मंजुरी नाही. दगड तर परत भरतच नाही. मग दगडाच्या बाबतीत हिशोब जास्त कडक पाहिजे की सैल?

मोजणीदार, कल्याण

मी हेच काम करतो, ईटीएस मशीन (जमीन मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) खांद्यावर घेऊन खाणी मोजतो, म्हणून आमची पण बाजू मांडतो. डोंगर चढत नाहीत हा आरोप काही ठिकाणी खरा आहे. पण दिवस किती देतात ते कोणी विचारत नाही. एका माणसाला आठवड्यात पंधरा जागा दिल्या की तो रस्त्यावरनंच फोटो काढणार.

मोजणीत एक मीटर चुकलं तर काय होतं ते सांगतो. एक हेक्टर जागा १० मीटर खोल काढली तर एक लाख घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे ३५ हजारांच्या वर ब्रास, दगडाच्या ६०० रुपये दराने दोन कोटींच्या वर रॉयल्टी. यात एक मीटर खोली कमी लिहिली की साडेतीन हजार ब्रास गायब, २१ लाख रुपये. वर आणखी गोंधळ असा की खड्डा मोजतो तो घट्ट दगडाचा आणि हायवा डंपर भरतो तो फुटलेल्या दगडाचा, फुटल्यावर तो दीडपटीच्या आसपास फुगतो. कोणता ब्रास धरला हे लिहिलं नाही तर पावत्या आणि खड्डा कधीच जुळत नाहीत, आणि मग पाचपट दंडाच्या नोटिसा निघतात, भांडणं वर्षानुवर्षं चालतात. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की तळच सापडत नाही. हद्दीचे दगड जागेवर नसतात. सॅटेलाईटवर उजाड माळ दिसतो आणि सातबारा काढला तर खाजगी वन निघतं.

म्हणून माझं मत ताईंच्या विरोधात आहे. आधी दगड तरी नीट मोजूया. पाणी मोजणं भूजल यंत्रणेचं काम आहे, त्यांच्याकडे माणसं आहेत, निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात टाकली तर दोन्ही अर्धवट होतील.

डोंगरपायवाट, डोंबिवली

आधी जीव वाचवा मग ब्रास मोजा. इर्शाळवाडी विसरलात का सगळे? डोंगर पोखरला की असंच होणार.

दख्खनी दगड, ठाणे पश्चिम

भाऊ, इर्शाळवाडीची दरड जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत कोसळली, तिला खाणीशी जोडू नका. चुकीचं उदाहरण दिलं की समोरचा तेवढंच धरून बसतो आणि खरा मुद्दा बाजूला पडतो. उताराचा पायथा कापला की वरचा भाग सैल होतो हे खरं आहे, ते वेगळं तपासायलाच पाहिजे.

मोजणीदार, काम दोन खात्यांनी करावं हे मान्य. पण नकाशा एकच हवा. आज दगडाचा नकाशा एका कपाटात आणि पाण्याचा दुसऱ्या, मंजुरी देणारा दोन्ही एकत्र बघत नाही.

खडीवाला, तुर्भे

बादलीचं मला पटलं. पण मग मुदत घाला. एप्रिल-मे दोन महिन्यांत झरे मोजून संपवा, जूनला अहवाल बंद, त्यानंतर कोणी नवीन झरा आणायचा नाही. आणि एक वर्ष वाट बघायला लावणार असाल तर त्या वर्षात रात्रीचे डंपर अडवायची जबाबदारी कोण घेणार ते पण लिहा. त्याचं उत्तर अजून कोणीच दिलं नाही इथे.

साईट इंजिनीअर, घोडबंदर

मी अजून माझ्या मतावर आहे, मोठ्या आणि मोजक्या खाणी. पण त्या कुठे हे झऱ्यांचा नकाशा बघून ठरवायला माझी हरकत नाही. जिथे खाली वस्ती नाही, विहीर नाही अशा जागा निघतील ना काहीतरी.

शहापूरची लेक, ऐरोली

खडीवाले दादा, मुदत मान्य. फक्त झरा लपवला गेला असेल तर तो नंतरही नोंदवता आला पाहिजे, त्यावर माझी तडजोड नाही. डंपरबद्दल तुमचं बरोबर आहे, त्याचा त्रास आम्हालाही होतो, रस्ता आमच्याच गावातून जातो.

एप्रिलच्या शेवटी मी आठ दिवस गावी जाणार आहे. काका आणि वाडीतल्या दोन बायका सोबत येतील, आम्ही वरचे सगळे झरे बादलीने मोजणार. नकाशावर कसं मांडायचं ते मात्र मला जमणार नाही.

मोजणीदार, कल्याण

गावनकाशाची प्रत आणि गट नंबरांची यादी आधी काढून ठेवा, सातबारे पण. झऱ्यावर उभं राहून मोबाईलवर लोकेशन घ्या, प्रत्येक ठिकाणी दोनदा, पाच मिनिटांच्या अंतराने. बादली एकच वापरा, दरवेळी बदलू नका. शनिवारी सकाळी मी मशीन घेऊन येतो, चढायला सहाला निघू, नऊनंतर ऊन सोसत नाही.