अनुभव धागा: 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', जुना आणि नवा

१९३०चा लुईस माइलस्टोनचा अमेरिकन सिनेमा आणि २०२२चा एडवर्ड बर्गरचा जर्मन. दोन्ही रेमार्कच्या १९२९च्या कादंबरीवरचे. कुठला भारी हे ठरवायचं नाहीये. पाहताना तुम्ही कुठे अडलात ते लिहा. सुरुवात मीच करते.

मी अडले शेवटाला. नव्यात ११ नोव्हेंबर १९१८ला अकराच्या ठोक्याला युद्ध थांबायचंय आणि जनरल पंधरा मिनिटं आधी पोरांना पुन्हा हल्ल्याला जुंपतो. कादंबरीचा नायक, पॉल हा कोवळा जर्मन सैनिक, ऑक्टोबरात मरतो, तेही अशा दिवशी की आघाडीवर सांगण्याजोगं काही घडलेलंच नसतं. नाव त्यावरूनच तर आलंय! जुन्यात एक फुलपाखरू, त्याच्याकडे सरकणारा हात, गोळी, आणि हात सैल. तो हात म्हणे खुद्द माइलस्टोनचा.

*

जन्म शाळेत गेला, त्यामुळे माझं लक्ष मास्तरांवर. जुन्यात पॉल रजेवर येतो तेव्हा त्यांना चिथवून युद्धावर धाडणारा तोच मास्तर, तोच वर्ग, पोरं तेवढी नवी. मास्तर म्हणतो, यांना दोन शब्द सांग. पॉल खरं ते सांगतो आणि पोरं त्यालाच भित्रा ठरवतात. नव्यात ही रजाच कापलीय. त्या जागी डानिएल ब्र्यूल रेल्वेच्या डब्यात शस्त्रसंधीच्या वाटाघाटी करतो. काम छान करतो, पण मला तो वर्ग हवा होता. डिसेंबर १९३०मध्ये बर्लिनच्या थिएटरात नाझी नेता गोबेल्सच्या माणसांनी पांढरे उंदीर सोडून खेळ उधळला, आठवड्याभरात बंदीही आली. त्यांना काय झोंबलं असेल, ते या वर्गात बसल्यावर कळतं.

*

१९७९चा टीव्हीवाला पाहिलाय. अर्नेस्ट बोर्गनाइनचा काट, म्हणजे पॉलचा वडीलधारा सोबती, आठवतो. बाकी पुसट.

*

मी पेटीची साथ करतो. नव्यातले ते तीन दणदणीत सूर ऐकून वाटलं, हे काय सिंथेसायझर! नंतर कळलं, संगीतकार फोल्कर बेर्टेलमानने पणजीची जुनी हार्मोनियम वापरलीय. लाकडाची कुरकुर, भात्याचा श्वास, सगळं ठेवलंय. आमची पेटी अशी कुरकुरली तर बुवा आधी तिला दुरुस्तीला पाठवतील. बेर्टेलमानला ऑस्कर मिळालं!

*

मला नव्याची सुरुवात सोडत नाही. मेलेल्यांचे कपडे उतरवतात, गाठोडी बांधतात, धुतात, पाणी लाल. मग शिलाई मशीनवर ओळीने बसलेल्या बायका भोकं शिवतात. पॉलला तो कोट नवा म्हणून मिळतो, आत नाव दुसऱ्याचं. तो सांगायला जातो तर साहेब म्हणतो, त्याला लहान झाला असेल, आणि पट्टी टरकावून टाकतो. जुन्यात हेच काम मेलेल्या केमेरिखच्या, एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या बुटांचं, तेही जबरदस्त आहे, पण ही पट्टी मला घरची वाटली.

आमचं गाव साताऱ्याकडचं. तिथे भिंतीत एक संगमरवरी फरशी आहे: १९१४ ते १९च्या युद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नुसते आकडे. माझे पणजोबा मेसोपोटेमियात गेले, ते दुसऱ्या आकड्यात.

सिनेमा थांबवून आईला ती पट्टी दाखवली. तिने चष्मा लावला, टीव्हीजवळ गेली.

"काय नाव लिवलंय रं?"

"हाइनरिख," म्हटलं.