लॅपटॉप तापतोय, ५५ हजारांत कोणता घेऊ?

ओजस_कर्वेनगर: मेकॅनिकल, तिसरं वर्ष. सॉलिडवर्क्समध्ये (यंत्रांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) मोठी असेंब्ली, म्हणजे बरेच भाग जोडलेलं मॉडेल, उघडली की पंखा घरघरतो, कीबोर्डच्या वरच्या पट्टीला हात लावता येत नाही आणि सगळं रखडतं. कमी तापणारा लॅपटॉप सुचवा. ५५ हजारांच्या वर एक रुपयाही नाही.

बाणेरकर: अॅपलचा एम-वन चिपवाला मॅकबुक एअर बघ. त्यात पंखाच नाही, माझा मे महिन्यातही गार असतो. थोडे पैसे वाढव.

सुलभा_प: अहो, सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही. आणि पंखा नसला म्हणून उष्णता होत नाही असं नाही. लोड बराच वेळ राहिला की चिप स्वतःच वेग उतरवते.

धनकवडी_गेमर: जाड गेमिंग लॅपटॉप घे भावा. पातळ बॉडीत उष्णता वाहून नेणारे हीट पाइप बारीक, ती हवेत सोडणाऱ्या पत्र्याच्या फिन्सही छोट्या. ८५ हजारांत कडक मिळेल.

बाणेरकर: आणि तो पीएमटी बसमध्ये पाठीवर घेऊन उभं राहायचं?

धनकवडी_गेमर: मी रोज नेतो. काही होत नाही.

पेठेतले_काका: ओजस, आधी जुना उघड. प्रोसेसर आणि तांब्याच्या प्लेटमधली थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते, मग उष्णता पाइपपर्यंत नीट पोचत नाही. पाइपमध्ये थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, फिन्सपाशी गार होऊन ते परत येतं. पण फिन्स धुळीनं बुजल्या असतील तर ती उष्णता बाहेर जाणार कुठून? धूळ पंखा आणि फिन्सच्या मधे साचते, बाहेरून फुंकून निघत नाही. ब्रश मारताना पंखा बोटानं धर.

हडपसरकर: पेस्टच बदल. पण स्वतः कर. मी एका दुकानात दिला होता, दोन स्क्रू कमी होऊन परत आला!

धनकवडी_गेमर: तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून कूलिंग पॅड आण, खाली ठेवायचा पंखेवाला.

सुलभा_प: खालची जाळी पॅडच्या पंख्यासमोर आली तरच उपयोग. मागून दोन पुस्तकं लावून उचल, गादीवर ठेवू नकोस. विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केलीस तर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. वेग घटेल, पण तापणं बरंच कमी होईल.

ओजस_कर्वेनगर: सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितलं तसं केलं, फिन्सवरून धुळीची अख्खी पट्टी निघाली. लेक्चरला हाच पुरेल. ५५ हजारांत खोलीवर डेस्कटॉप जोडतोय. मोठा हीटसिंक, १२० मिमीचे पंखे. कॅड, म्हणजे सॉलिडवर्क्सचं काम, मी टेबलावरच करतो.

धनकवडी_गेमर: इथे डेस्कटॉप कोणी सांगितला?

पेठेतले_काका: यूपीएसचे पैसे धरलेस ना? लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं जाईल.

ओजस_कर्वेनगर: धरलेत काका. म्हणून मॉनिटर जुना घेतोय.